घरातून पाहिलेला सुधारक

स्वातंत्र्यदिनाच्या वक्तृत्व स्पर्धेत परीक्षक म्हणून बसण्याचा योग धर्मगुरूच्या आयुष्यात वारंवार येतो. मुले तळमळीने बोलतात. पण फुले, रानडे, टिळक, गांधीजी, आंबेडकर अशी नावे बदलली, तरी भाषण बदलत नाही. प्रत्येक नेता बालपणापासून सत्यवादी, प्रत्येक सुधारक जन्मतःच निर्भय. या थोर माणसांना जणू घरच नव्हते. दोष मुलांचा नाही. आपण त्यांच्या हाती जी चरित्रे देतो त्यांचा आहे. आपल्या ख्रिस्ती वाचकाला हा आजार अपरिचित नाही. पाळण्यात असल्यापासून उपवास करणाऱ्या संतांच्या कथा ऐकतच आपल्या आधीच्या पिढ्या वाढल्या. अशा चरित्रांनी आदर वाढतो, परंतु अनुकरणाची वाट बंद होते. जो कधी अडखळलाच नाही, त्याच्या मागून आपण चालायचे तरी कसे?

या आजारावर मराठीत एक उत्तम उतारा आहे. रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या निधनाला तेव्हा नऊ वर्षे झाली होती. प्रार्थना समाजाचे धुरीण, राष्ट्रीय सभेच्या उभारणीतील एक प्रमुख पुरुष, सामाजिक परिषदेचे प्रवर्तक आणि गोपाळ कृष्ण गोखले यांचे गुरू अशी रानड्यांची ओळख आपल्याला शाळेतच होते. रमाबाईंच्या पुस्तकात हा मनुष्य आपल्याला सभेच्या व्यासपीठावरून नव्हे, तर माजघराच्या दारातून दिसतो. पुस्तकाचे सारे मोल या जागेत आहे.

आरंभच पाहावा. १८७३ साली रानड्यांची पहिली पत्नी वारली. त्या वेळी ते एकतीस वर्षांचे होते आणि विधवाविवाहाच्या चळवळीतील एक अग्रणी म्हणून ओळखले जात होते. आता ते एखाद्या विधवेशीच लग्न करतील अशी मित्रांची अपेक्षा होती, आणि वडिलांना नेमकी तीच भीती होती. वडिलांनी घाई केली, मुलगा नमला, आणि देवराष्ट्रे गावच्या कुर्लेकरांची अकरा वर्षांची मुलगी रानड्यांच्या घरी आली. ही मुलगी म्हणजेच लेखिका. पतीच्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या विसंगतीतूनच आपला संसार उभा राहिला, हे तिला ठाऊक आहे आणि ते ती झाकून ठेवत नाही. वडिलांचा शब्द मोडवेना आणि स्वतःचे मत सोडवेना, अशा कोंडीत सापडलेला वर ती आपल्यासमोर उभा करते. एखाद्या टीकाकाराने हाच प्रसंग लिहिला असता तर तो आरोप झाला असता. एखाद्या भक्ताने तो गाळला असता. रमाबाई या दोन्ही मोहांतून सुटतात.

विवाहानंतर लगेच पतीने तिला अक्षरओळख करून देण्यास आरंभ केला. पुढे इंग्रजी आले, सभा आल्या, पंडिता रमाबाईंचा सहवास आला. मात्र या शिक्षणाची किंमत घरात कोणी मोजली, हे पुस्तक वाचल्याशिवाय कळत नाही. पती न्यायालयात गेल्यावर वडीलधाऱ्या स्त्रियांचे टोमणे, अबोला आणि सोवळ्याचे नियम सोसायला घरी तीच उरे. सुधारणेचा विचार पुरुषाने मांडायचा आणि त्याचा दिवसभराचा जाच स्त्रीने सोसायचा, ही त्या काळच्या अनेक सुधारक घरांची वाटणी रमाबाईंनी कोणतीही तक्रार न करता नोंदविली आहे. तक्रारीचा सूर नसल्यामुळेच ती नोंद अधिक बोचते.

पुस्तकाचा कस लागतो तो पंच हौदाच्या प्रकरणात. १८९० साली पुण्याच्या पंच हौद मिशनमध्ये, म्हणजे आपल्या अँग्लिकन बांधवांच्या आवारात, एक सभा झाली. सभेनंतर पाहुण्यांपुढे चहा व बिस्किटे आली. रानडे, टिळक, गोखले अशी मंडळी उपस्थित होती. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रातून जाहीर केली आणि शहरात गहजब उडाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. चहा घेणाऱ्यांवर बहिष्काराची आपत्ती आली. लेकीबाळींची लग्ने आणि घरातील धर्मकृत्ये अडतील या धास्तीने अनेकांचे धैर्य खचले. अखेर १८९२ साली रानड्यांनी मित्रांसाठी प्रायश्चित्त घेतले. चहा पिण्यात पाप आहे असे त्यांना मुळीच वाटत नव्हते.

रमाबाईंना हे रुचले नाही, आणि आपली नाराजी त्यांनी लिहून ठेवली. पतीचे नाव उच्चारणे ज्या काळी मर्यादाभंग समजले जाई, त्या काळातील ही स्त्री आहे. १९३८ साली निघालेल्या इंग्रजी भाषांतराचे ‘हिमसेल्फ’ हे शीर्षकही पतीचा उल्लेख करण्याच्या याच आदरयुक्त लकबीची आठवण देते. अशा लेखणीतून उमटलेली ही नाराजी शंभर निंदकांच्या टीकेहून वजनदार ठरते.

येथे धर्मगुरू म्हणून मला थांबावे लागते. प्रायश्चित्त संस्काराविषयी शिकताना आम्हांला सेमिनरीत सांगितले होते की, पश्चात्तापावाचून पापनिवेदन हे पोकळ टरफल होय. रानड्यांच्या प्रायश्चित्तात पश्चात्ताप नव्हता, कारण त्यांच्या दृष्टीने तेथे पापच नव्हते. होती ती मित्रांविषयीची माया. ही माया क्षुल्लक मानण्याचे धाडस मी करणार नाही. तरीही ज्या विधवा आणि जे तरुण त्यांच्या तोंडाकडे पाहत होते, त्यांच्या पदरात त्या दिवशी काय पडले, हा प्रश्न उरतोच. तडजोड करणारा सहसा आपल्याजवळच्या माणसांचे दुःख पाहतो. दूर उभे असलेले त्याला दिसत नाहीत.

हे मी दुरून लिहीत नाही. अनेक वर्षांपूर्वी एका गावी दुसऱ्या समाजातील मुलीशी विवाह केलेल्या एका तरुणाने मला नव्या घराच्या आशीर्वादासाठी बोलाविले होते. विवाह देवळात रीतसर झालेला होता. गावातील वडीलधाऱ्यांनी मला सुचविले, “फादर, सण होऊन जाऊ द्या, उगाच वाद नको.” मी गेलो नाही. काही महिन्यांनी कोणाला न सांगता गेलो, चहाही घेतला. परत आल्यावर माझा स्वयंपाक करणाऱ्या बाईंनी एवढेच विचारले, “आता तरी ती दोघं मिस्साला येतील का, फादर?” ती आली नाहीत. समेट राखला असे समाधान मी तोवर मानीत होतो. रमाबाईंचे प्रकरण वाचताना तोच प्रश्न मला पुन्हा ऐकू आला.

पुस्तकाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. त्याचा एकूण सूर पतिभक्तीचा असल्यामुळे पंच हौदाच्या वेळची नाराजी पुढे पाठपुराव्यावाचून राहते. माधवरावांच्या समजुतीला अखेरचा शब्द मिळतो. रमाबाईंच्या युक्तिवादाला नाही. दुसरी उणीव अधिक मोठी आहे. १९०१ साली पतीचे निधन झाले आणि पुस्तक तेथेच थांबते. १९०९ साली पुण्याच्या सेवासदनाची उभारणी करणाऱ्या, १९२४ पर्यंत स्त्रीशिक्षणासाठी झटणाऱ्या रमाबाई या पुस्तकात जवळजवळ नाहीतच. दुसऱ्याविषयी इतके प्रांजळ लिहिणाऱ्या बाईने स्वतःला मात्र समईमागच्या सावलीत ठेवले. शैलीही सर्वत्र सारखी नाही. प्रवास आणि आजारपणे यांच्या तपशिलांत काही पाने रेंगाळतात. परंतु संवाद येताच भाषा घरगुती, नेमकी आणि जिवंत होते, आणि वाचकाला माणसे बोलताना ऐकू येतात.

१९४३ साली रानड्यांच्या १०१ व्या जयंतीला डॉ. बाबासाहेब आंबेडकर पुण्यात बोलले. त्यांनी रानड्यांचे मोठेपण मान्य केले आणि त्याच भाषणात विभूतिपूजेला कठोर विरोध केला. या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, हेच आपल्या चरित्रवाङ्मयाला शिकावयाचे आहे. पूर्वी संतपदाच्या चौकशीत उमेदवाराच्या बाजूने आलेल्या पुराव्यावर हरकती घेण्यासाठी ख्रिस्तसभा एक अधिकारी नेमत असे. लोक त्याला सैतानाचा वकील म्हणत. नाव कठोर, पण हेतू सत्याचा. रानड्यांच्या बाबतीत हे काम त्यांच्यावर सर्वाधिक प्रेम करणाऱ्या व्यक्तीने केले, आणि तरीही त्यांचे मोठेपण उणे झाले नाही. सुधारकाला भीती होती, नाती होती, थकवा होता, आणि एवढे असूनही तो आयुष्यभर कामाला जुंपलेला राहिला, हे कळल्यावर त्याच्याविषयी अधिकच जवळीक वाटते.

आपल्या धर्मग्रामांतही न सांगितलेले पंच हौद आहेत. कोणाच्या ओटीवर बसावे, कोणाच्या घरचा पेला हाती घ्यावा, कोणाची मुलगी सून म्हणून चालेल, याचे निर्णय आपण दररोज मुकाट्याने घेत असतो. म्हणून हे पुस्तक प्रत्येक कुटुंबाने घरात मोठ्याने वाचावे, आणि पंच हौदाच्या प्रकरणाशी थांबून मुलांचे मत विचारावे. पुढच्या स्पर्धेत मी परीक्षक असलो, तर भाषण संपल्यावर प्रत्येक स्पर्धकाला एकच प्रश्न विचारणार आहे: तुझ्या या थोर पुरुषाच्या मोठेपणाची किंमत त्याच्या घरात कोणी मोजली?