दिवा : वस्तू की जोडणी? डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या निमित्ताने

भायखळ्याच्या राणीच्या बागेतील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचे संवर्धन ही महाराष्ट्राच्या वारसाविषयक इतिहासातील एक महत्त्वाची घटना मानली जाते. १८७२ साली लोकांसाठी खुली झालेली ही वास्तू १९७५ पर्यंत व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम या नावाने ओळखली जात होती. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन म्युझियमला हेच नाव १८९९ मध्ये मिळाले. म्हणजे नावाच्या बाबतीत मुंबई लंडनच्या पुढे होती. मुंबई महानगरपालिका, इंटॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्यात २००३ मध्ये करार झाला, वास्तुविशारद विकास दिलावरी यांच्या देखरेखीखाली काम झाले, २००५ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा उत्कृष्टता पुरस्कार मिळाला आणि २००८ च्या आरंभी संग्रहालय पुन्हा उघडले. हा तपशील सर्वज्ञात आहे. प्रस्तुत लेखात त्या कामाचे पुन्हा कौतुक करावयाचे नसून, त्या निमित्ताने एका दुर्लक्षित घटकाचा विचार करावयाचा आहे. तो घटक म्हणजे दिवा.

या संवर्धनाविषयी बोलताना आपण सोन्याच्या वर्खाविषयी बोलतो, मिंटनच्या फरशांविषयी बोलतो, ओतीव लोखंडाच्या खांबांविषयी बोलतो. ज्या उजेडात हे सारे दिसते त्याच्या वाट्याला फार तर 'भव्य' हे एक विशेषण येते. हा केवळ शब्दांचा कंजूषपणा नाही. यामागे एक प्रशासकीय दृष्टी आहे. सार्वजनिक इमारतीच्या कामात स्थापत्य आणि विद्युत असे दोन विभाग पडतात. खांब, फरशी, छत ही वास्तू. दिवा मात्र विद्युत जोडणीच्या अंदाजपत्रकात जातो. एकदा तो तेथे गेला, की त्याला आयुर्मान असते, आणि आयुर्मान संपलेल्या वस्तूचे निर्लेखन होते. महाविद्यालयीन प्राध्यापकांना जडसंग्रह नोंदवही परिचयाची आहे. एका जुन्या शिक्षणसंस्थेच्या सभागृहातील पितळी भिंतदिवे त्या नोंदवहीत 'नादुरुस्त' या एका शब्दाने बाद होऊन वजनावर विकले गेलेले प्रस्तुत लेखकाने पाहिले आहेत. त्यांचे एकही छायाचित्र कोणाकडे नव्हते. कोणी नियम मोडला नव्हता, हेच त्यातील अधिक खेदजनक.

जुन्या दिव्यात वाचण्यासारखे असते तरी काय? मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे १८६५ मध्ये लागले. क्रॉफर्ड मार्केटमध्ये वीज १८८२ मध्ये आली, पण ती पुरवणारी कंपनी लवकरच बंद पडली. शहराला नियमित वीजपुरवठा देणारी कंपनी १९०५ ची. त्यामुळे १८७२ ची वास्तू ही दिवसाच्या उजेडाची आणि गॅसच्या काळाची वास्तू होय. याउलट १९२२ मध्ये खुले झालेले प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम विजेच्या काळातले. गॅसच्या दिव्याची ज्योत वर जाते, म्हणून त्याची काच वर उघडलेली असते. विजेचा दिवा मात्र खाली तोंड करून टांगता येतो. गॅसच्या दिव्याचा हात पोकळ असतो, कारण तो नळीच असतो, आणि प्रत्येक हाताला लहानशी चावी असते. पुढे अशा अनेक दिव्यांत त्याच पोकळीतून तार ओवली गेली आणि चावी निरुपयोगी होऊन तशीच राहिली. दुरुस्ती करणारा कारागीर ती चावी 'काही कामाची नाही' म्हणून कापतो, छिद्र झाळून टाकतो, पितळ लखलखीत घासतो. दिवा सुंदर होतो. तो आधी गॅसचा होता हे सांगणारी एकमेव खूण मात्र त्या दिवशी नाहीशी होते.

येथे अंबरनाथकडे वळणे अप्रस्तुत ठरू नये. अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेखाचे वाचन ज्यांनी आरंभी केले त्यांत स्वतः डॉ. भाऊ दाजी होते. त्यांनी त्यातील वर्ष शके ७८२ असे वाचले. पुढे त्यांच्याच सहवासात घडलेल्या पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असे दुरुस्त केले. एका अंकाने मंदिर दोनशे वर्षे अलीकडे आले. ही दुरुस्ती शक्य झाली, कारण दगड जसा होता तसा राहिला होता. समजा, एखाद्या उत्साही जीर्णोद्धारकाने भाऊ दाजींच्या वाचनाप्रमाणे झिजलेली अक्षरे पुन्हा कोरून 'स्वच्छ' केली असती, तर? भाऊ दाजींसारख्या विद्वानाचीही चूक दगडात कायमची गोठली असती. १९६४ च्या व्हेनिस सनदेत, जेथे अनुमान सुरू होते तेथे पुनःस्थापन थांबले पाहिजे, असे म्हटले आहे. ते कलम समजून घ्यायला व्हेनिसला जाण्याची गरज नाही. कल्याणच्या पुढे तीन स्थानके पुरेत.

त्याच सनदेचे आणखी एक कलम असे, की हरवलेल्या भागाच्या जागी बसवलेला नवा भाग एकंदरीत मिसळून जावा, पण जवळून पाहता ओळखू यावा. झुंबराच्या सहा काचांपैकी दोन फुटल्या असतील तर त्या घडवून घेण्यात गैर काहीच नाही. आनंदनगरच्या औद्योगिक वसाहतीशेजारी राहणाऱ्यास धातूकामाचे कौशल्य दुर्मीळ वाटत नाही. नकलेविषयी तुच्छताही वाटत नाही. शेजारच्या उल्हासनगरने 'मेड इन यूएसए' या शिक्क्याचा 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा विस्तार करून नकलेलाही स्वतःची सही दिली, हा विनोद येथे सर्वांच्या तोंडी आहे. संवर्धनात नेमकी हीच सही हवी. नव्या भागावर आतल्या बाजूस वर्ष कोरणे हे खर्चाचे काम नव्हे.

आता उजेडाविषयी. भायखळ्याच्या दालनात टांगत्या दिव्यांचा उजेड सोनेरी नक्षीवर पडतो तेव्हा प्रेक्षक सुखावतो, आणि त्या सुखाला नाक मुरडण्याचे कारण नाही. तथापि हा उजेड एकोणिसाव्या शतकाचा आहे असे मानणे ही फसगत होय. गॅसच्या उघड्या ज्योतीचे रंगतापमान सुमारे २००० केल्व्हिन, म्हणजे आजच्या 'वॉर्म' म्हणून विकल्या जाणाऱ्या २७०० केल्व्हिनच्या दिव्याहूनही पिवळसर. ती हलत असे, उष्णता आणि काजळी देत असे. तशी ज्योत आज कोणी मागणारही नाही. १८५७ मध्ये साउथ केन्सिंग्टनने कामकरी वर्गाला संध्याकाळी येता यावे म्हणून गॅसचे दिवे लावले, तेव्हा चित्रांना अपाय होईल या भीतीने फॅरडेसारख्या शास्त्रज्ञांची समिती नेमावी लागली होती. उजेड वस्तूंना खातो ही जाणीव जुनीच आहे. कागद व कापड यांच्यासाठी सुमारे ५० लक्स ही मर्यादा आज सर्वसाधारणपणे मानली जाते. म्हणजे झुंबराने दालन उजळावे आणि त्याच दालनातील कागदाने सावलीत राहावे, अशा दोन परस्परविरोधी मागण्या एकाच छताखाली येतात.

प्रस्तुत लेखकाच्या मते यावरचा मार्ग म्हणजे दिव्याकडून दोन्ही कामांची अपेक्षा न ठेवणे. ऐतिहासिक दिव्याने स्वतःपुरते मंद जळावे. वस्तू दाखवण्याचे काम उघडपणे आधुनिक, लहान, दिशा देता येणाऱ्या दिव्यांनी करावे. ते दिवे व्हिक्टोरियन वेष घालून येऊ नयेत. जुन्याची नक्कल करणारा नवा दिवा शेजारच्या खऱ्या दिव्यावरही संशय निर्माण करतो. यावर सौंदर्यदृष्टीने आक्षेप घेतला जाईल, आणि तो अगदीच निराधार नाही: समोरून येणारा बारीक झोत सोनेरी नक्षीला चपटी करतो. पण ती अडचण दिव्याची जागा बदलून सुटते. घासून टाकलेली खूण कोणत्याही उपायाने परत येत नाही.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुने दिवे काचेमागे मानाने ठेवलेले आहेत, कारण तेथे ते 'संग्रह' आहेत. तोच मान छताला टांगलेल्या, रोज सायंकाळी बटण दाबून पेटवल्या जाणाऱ्या दिव्याला मिळायचा असेल तर त्याला विद्युत विभागाच्या यादीतून काढून संग्रहाच्या नोंदवहीत क्रमांक द्यावा लागेल. त्यापुढे कोणता भाग जुना, कोणता नवा, तार केव्हा ओवली, एवढ्या तीन नोंदी.