जोतीरावांच्या दोन ग्रंथांतील मुक्ती आणि सहिष्णुता

जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) हा ग्रंथ कृष्णवर्णीयांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. तथापि या अर्पणपत्रिकेच्या रचनेकडे बारकाईने पाहावयास हवे. तीत गौरव आहे तो मुक्त करणाऱ्यांचा. मुक्त झालेले लोक तेथे कर्मस्थानी आहेत. याउलट फ्रेडरिक डग्लस यांच्या १८४५ च्या आत्मचरित्रात गुलामाच्या मुक्तीची वाट त्याने स्वतः मिळविलेल्या अक्षरज्ञानातून जाते.

जोतीरावांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ या ग्रंथात हे कर्तृस्थान पालटलेले दिसते. तेथे त्यांनी एका कुटुंबाची कल्पना मांडली आहे. पत्नी बौद्ध, पती ख्रिस्ती, कन्या मुसलमान आणि पुत्र सत्यधर्मी; तरीही सर्वांनी एका घरात प्रेमाने नांदावयाचे. या मांडणीतील मर्म असे की, प्रत्येकाने त्या त्या धर्माचा ग्रंथ स्वतः वाचून, तो आवडल्यास, धर्म स्वीकारावयाचा आहे. पत्नीचा निर्णय पतीवर अवलंबून ठेवलेला नाही. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढणाऱ्या सुधारकाने वाचनास हे अग्रस्थान द्यावे, हे स्वाभाविकच होय.

‘सहिष्णुता’ हा शब्द ‘सह्’ धातूपासून, म्हणजे सोसण्याच्या अर्थापासून, आलेला आहे. सोसण्यात बहुधा सोसणाऱ्याचा वरचढपणा गृहीत असतो. जोतीरावांच्या या घरात मात्र कोणी कोणास सोसून घेत नाही. सर्व एकाच ‘निर्मिका’ची लेकरे ठरतात. ‘ईश्वर’ या शब्दात सत्तेची छटा आहे, ‘निर्मिक’ या शब्दात केवळ निर्मितीची. शब्दाची ही निवड विचाराशी सुसंगत आहे.

या कुटुंबात वैदिक धर्माच्या अनुयायास स्थान नाही, हा आक्षेप विचारार्ह आहे. त्याचे कारण केवळ रोषात शोधणे उचित नव्हे. ज्या धर्माने शूद्रास व स्त्रीस ग्रंथ वाचण्याचा अधिकारच नाकारला, तो वाचून निवडण्याच्या या कसोटीस उतरू शकत नव्हता. परंतु तो ग्रंथ सर्वांस खुला झाल्यावर त्याच्या स्वतंत्र वाचकास या घरात जागा मिळेल काय, याचा उलगडा या उताऱ्यातून होत नाही. जोतीरावांची सहिष्णुता वाचनाच्या अधिकारावर उभी असल्यामुळे, हा प्रश्न तिच्याच तत्त्वातून उद्भवतो आणि म्हणूनच टाळता येत नाही.