महायुद्धाच्या पाट्या

सातारा व रत्नागिरी जिल्ह्यांतील कित्येक खेड्यांत, कोठें चावडीच्या तर कोठें शाळेच्या भिंतींत, एक दगडी पाटी बसविलेली आढळते. ह्या गांवांतून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास इतके गेले, पैकीं इतक्यांनीं प्राण दिले, एवढाच तिचा मजकूर.

लेखनाचा नमुना म्हणून त्याचा संक्षेप वाखाणण्याजोगा आहे खरा. पण दोन आंकडे, आणि नांव एकही नाहीं! मेले त्यांना निदान स्वतंत्र आंकडा तरी लाभला; जिवंत परतले त्यांची संख्या वाचकानेंच वजाबाकी करून काढावयाची. मेसोपोटेमियाच्या उन्हांत होरपळून घरीं आलेला शिपाई त्या पाटीवर केवळ बाकी होऊन राहिला आहे.

ही कृपणता दगडाच्या टंचाईमुळें आली नव्हती. बसऱ्याच्या १९२९ च्या स्मारकावर गोऱ्या शिपायांचीं नांवें कोरलीं गेलीं. हिंदी अधिकारी वगळतां बाकीच्या हिंदी शिपायांची मात्र पलटणवार संख्या. उलट फ्रान्समध्यें न्यव्ह शापेल येथें १९२७ सालीं हिंदी शिपायांचीं हजारों नांवें कोरलीं गेलींच कीं! आमच्या वीरगळांवर बहुधा अक्षरही नसतें. परंतु झुंज, अप्सरा व शिवलिंगाची पूजा ह्या चित्रांत एकेका माणसाचा वृत्तांत असतो.

अशा गांवच्या शिक्षकांनीं जुन्या घरांतील पदकें पाहावीं, असें आम्ही सुचवितों. त्या युद्धांतील पदकाच्या कडेवर शिपायाचें नांव व पलटण कोरलेली असते. त्यांवरून गेलेल्यांची, आणि परतलेल्यांचीही, यादी करून ती पाटीखालीं लावावी.