शिक्षा आधी, ताट नंतर: रवंथ-विकाराच्या वर्तनोपचाराबद्दल काही आक्षेप

रवंथ म्हटलं की आपल्याला गाय-म्हैस आठवते, नाहीतर तेच ते घोळवत बसणारा माणूस. आज त्या दोघांबद्दल बोलायचं नाहीये. गिळलेलं अन्न पुन्हा तोंडात आणायचं, चघळायचं, परत गिळायचं किंवा थुंकायचं, आणि पोटाच्या दुसऱ्या आजाराशिवाय हे निदान महिनाभर चालायचं, याला रवंथ-विकार म्हणतात. तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या, त्यातही संस्थांमध्ये राहणाऱ्या लोकांत तो आढळतो. दात झिजतात, वजन घटतं, अन्न श्वासनलिकेत गेलं तर जिवावर बेततं. तेव्हा उपचार हवाच. माझा आक्षेप आहे तो उपचारांच्या क्रमावर.

अमेरिकेत १९६९ मध्ये लँग आणि मेलामेड यांनी नऊ महिन्यांच्या एका बाळाला, इतर उपाय हरल्यावर, पायाला विजेचे झटके देऊन वाचवलं. १९७४ मध्ये साज्वाज आणि सहकाऱ्यांनी सहा महिन्यांच्या बाळाच्या तोंडात, रवंथ सुरू झाला की, लिंबाचा रस सोडला. दोन्ही बाळांचं वजन वाढलं, हे मान्य. पण मरणाच्या दारातला उपाय आणि रोजचा उपाय यांत फरक असतो की नाही? विजेचे झटके तर त्याच काळात बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांनाही दिले गेले. ज्याला 'नको' म्हणता येत नाही, त्याच्यावर अशी पद्धत फार लवकर रुळते.

आणि मग १९८१ चा रास्ट, जॉन्स्टन वगैरेंचा निबंध येतो. त्यांनी काय केलं? जेवणात जास्त वाढलं. ताटातलं अन्न वाढलं तसा रवंथ कमी झाला! पोटभर खाऊ घालण्याचा प्रयोग १९७५ मध्येही झाला होता, म्हणजे कल्पना अगदी नवी नव्हती. तरी विजेचा झटका आधी सुचला आणि संस्थेच्या ठरावीक मापाच्या वाढपाकडे लक्ष नंतर गेलं, हे मला खटकतं.

बरं, 'बिचारे उपाशी होते' एवढंच म्हणून सुटका नाही. पोट ताणलं जाणं, कॅलरी, चघळण्याची क्रिया, हे घटक पुढे वेगवेगळे काढून तपासले गेले; जेवणाआधी च्युइंगम देऊनही पाहिलं. शिवाय सतत जास्त वाढलं तर वजन बेसुमार वाढतं, तो नवाच प्रश्न.

आज सुचवला जाणारा पोटाने श्वास घेण्याचा व्यायाम चांगला आहे, पण 'आता श्वास घ्या' ही सूचना समजणाऱ्यांसाठी. ज्यांना ती समजत नाही त्यांच्यासाठी शेजारी बसून, दर जेवणानंतर, हाताने दाखवणारं माणूस लागतं. या साहित्यात मिनिटाला किती वेळा रवंथ झाला याचे आलेख भरपूर आहेत. ते माणूस कोण देणार, त्याचा पगार कुठून येणार, याबद्दल मात्र फारच थोडं लिहिलेलं सापडतं.

थांबतो. पालक आणि काळजीवाहक बसलेत, त्यांचे प्रश्न आधी घेऊ.