सगळ्यात भारी कमांडो कोणाचे?

‘जगातले टॉप टेन कमांडो’ असला एखादा व्हिडिओ तुम्ही कधी ना कधी पाहिलाच असेल. ब्रिटनची एसएएस, अमेरिकेची डेल्टा फोर्स, इस्रायलची सायेरेत मत्कल, जर्मनीची जीएसजी ९. मग मित्रांच्या ग्रुपवर वाद सुरू: आपले मार्कोस आणि पॅरा एसएफ इतके खाली कसे? कोण किती किलोमीटर पळतं, श्वास किती वेळ रोखतं, निवडीत शंभरातले किती टिकतात, यावर नंबर ठरतात.

करमणूक म्हणून ठीक आहे. पण तुलना म्हणून ही पद्धत फसलेली आहे, आणि का फसलीये ते समजायला १९८० सालचे अकरा दिवस पुरेसे आहेत.

त्या वर्षी २४ एप्रिलच्या रात्री डेल्टा फोर्स तेहरानच्या अमेरिकी दूतावासातले ओलीस सोडवायला निघाली. ५ मे रोजी एसएएसनं लंडनच्या इराणी दूतावासातले ओलीस सोडवले. पहिली मोहीम वाळवंटातच संपली, दुसरी सतरा मिनिटांत फत्ते झाली. आता गंमत बघा. डेल्टा उभी करणारे चार्ल्स बेकविथ साठच्या दशकात एसएएसमध्येच काम करून आले होते, आणि त्याच धर्तीवर त्यांनी १९७७ मध्ये डेल्टा घडवली. म्हणजे दोघांची तालीम एकच. मग एवढा फरक कशानं पडला?

डेल्टाचे जवान तेहरानला पोचलेच नाहीत. आठ हेलिकॉप्टरं निघाली. धुळीची वादळं आणि यांत्रिक बिघाड यांमुळे पाचच कामाची उरली. किमान सहा हवी होती, म्हणून मोहीम रद्द झाली. परत निघताना एक हेलिकॉप्टर इंधन घेऊन उभ्या असलेल्या हर्क्युलिस विमानावर आदळलं आणि आठ जण गेले. कमांडो भूदलाचे, विमानं हवाई दलाची, हेलिकॉप्टरं नौदलाची आणि ती चालवणारे बहुतेक मरीन. या सगळ्यांनी मिळून पूर्ण मोहिमेची एकही रंगीत तालीम केली नव्हती.

लंडनमध्ये उलट चित्र. शहर स्वतःचं, पोलीस स्वतःचे, हातात सहा दिवस. जवळच्या बराकीत इमारतीची प्रतिकृती उभी केली. भिंतींना भोकं पाडून मायक्रोफोन बसवले, आणि तो आवाज आतल्यांना कळू नये म्हणून हीथ्रोला येणारी विमानं खालून न्यायला लावली. आधी सुटलेल्या ओलिसांनी आतली माहिती दिली. एवढं असूनही प्रत्यक्ष हल्ल्यात एक जवान दोरात अडकून भाजला, आणि एक ओलीस दगावला.

तुम्ही म्हणाल, तेहरान कुठे आणि लंडन कुठे, ही काय तुलना झाली? रास्त आहे. मग १९७६ चं एंटेबे घ्या. इस्रायली तुकडी सुमारे चार हजार किलोमीटर उडून युगांडात उतरली आणि शंभराहून अधिक ओलीस घेऊन परतली. पण त्या विमानतळाची जुनी टर्मिनल इमारत एका इस्रायली कंपनीनंच बांधलेली होती, त्यामुळे माहिती घरातच मिळाली. आधी सोडलेल्या ओलिसांशी पॅरिसमध्ये बोलता आलं. परतीच्या वाटेवर नैरोबीत इंधन मिळालं. यातलं काहीही जवानाच्या दंडात नसतं.

अमेरिकेनं त्या अपयशातून धडा घेतला. रात्री विशेष मोहिमांसाठी उडणारी वेगळी हेलिकॉप्टर तुकडी उभारली, आणि १९८७ मध्ये विशेष दलांसाठी स्वतंत्र कमांड आली. २०११ मध्ये अबोटाबादला एक हेलिकॉप्टर कोसळलं तेव्हा मोहीम थांबली नाही, कारण राखीव हेलिकॉप्टरं जवळच उभी होती. बिघाड तसाच, पण त्याची सोय आधी केलेली.

आता आपल्या घरचा विषय. २६ नोव्हेंबर २००८ ला रात्री साडेनऊच्या सुमारास मुंबईत गोळीबार सुरू झाला. एनएसजीचे कमांडो होते हरयाणात, मानेसरला. त्यांना नेणारं मोठं विमान चंडीगडला. ते दिल्लीला येणार, मग मुंबई, मग विमानतळावरून बसनं दक्षिण मुंबई. कारवाईला हात घालेपर्यंत सकाळ उजाडून गेली होती. मार्कोस रात्रीच ताजमध्ये शिरले होते, पण ते थोडे, आणि हॉटेलच्या आतल्या वाटा त्यांना अनोळखी. कसाबला जिवंत धरणारे तुकाराम ओंबळे तर मुंबई पोलिसांतले सहायक उपनिरीक्षक. त्यांच्याकडे लाठी होती.

मेजर संदीप उन्नीकृष्णन आणि हवालदार गजेंदर सिंग बिश्त यांनी ताज आणि नरिमन हाऊसमध्ये प्राण दिले. त्यांच्या शौर्याबद्दल कोणी शंका घेत नाही. म्हणूनच माझी या टॉप टेनवाल्यांबद्दलची खरी तक्रार इथे आहे: जवान किती भारी, याच गप्पा चालू राहिल्या की विमान कुठे होतं हा प्रश्न विचारणं जणू त्यांचा अपमान ठरतो. प्रत्यक्षात तो प्रश्न लावून धरला गेला म्हणूनच २००९ मध्ये मुंबई, चेन्नई, कोलकाता आणि हैदराबादला एनएसजीची केंद्रं झाली, आणि महाराष्ट्रानं २००९ मध्येच फोर्स वन उभी केली.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी असली यादी पाठवली, तर नंबरावरून भांडू नका. एवढंच विचारा: यांना न्यायला विमान कोणाचं आणि ते कुठे उभं असतं? इमारतीचा नकाशा कोणाकडे आहे? ‘जा’ म्हणायचा अधिकार कोणाला, आणि तो माणूस रात्री दहा वाजता फोन उचलतो का? यादी बनवणाऱ्याकडे उत्तर नसेल, तर त्याचा पहिला नंबर आणि दहावा नंबर यांत फारसा अर्थ नाही.