भरतीच्या वेळी पक्षी कुठे जातात?

गेल्या हिवाळ्यात पेण तालुक्यातल्या एका शाळेच्या विज्ञान मंडळाने मला बोलावले होते. कार्यक्रमाचे नाव होते ‘पाहुण्या पक्ष्यांना वाचवू या’. व्हरांड्यात फ्लेमिंगोचे, म्हणजे आपल्या रोहित पक्ष्याचे, भले मोठे चित्र लावले होते. आवारातल्या झाडांना मुलांनी पाण्याची मातीची भांडी टांगली होती. सकाळी घोषणा देत फेरी निघाली आणि शेवटी खाडीच्या काठी उघड्या चिखलात तिवरांची रोपे लावण्यात आली. मुले गुडघाभर चिखलात खूश होती. शिक्षकांच्या तळमळीबद्दल तर प्रश्नच नव्हता.

परतताना आठवीतल्या एका मुलीला मी विचारले, “तुमच्या खाडीवर थंडीत कोणते पक्षी येतात?” ती म्हणाली, “बारके, मातकट रंगाचे. खूप असतात. पण पाणी चढलं की उडून जातात.” “कुठे जातात?” “ते कोणी बघितलंय, सर!”

त्या शाळेची उणीदुणी काढावीत म्हणून हे लिहीत नाही. असे कार्यक्रम मुंबई, ठाणे, पुणे सगळीकडे होतात आणि त्यांचा आराखडा बहुधा हाच असतो. पण त्या मुलीने जो प्रश्न सहज बोलून टाकला, त्याला त्या दिवसाच्या एकाही कार्यक्रमाने हात घातला नाही. माझी टीका आहे ती एवढ्याचपुरती.

तिने सांगितलेले बारके पक्षी म्हणजे तुताऱ्या, टिलवे, चिखले. यातला छोटा टिलवा पंचवीसेक ग्रॅम वजनाचा, म्हणजे मूठभर शेंगदाण्यांएवढा. त्याची वीण होते ती उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रा प्रदेशात. ‘थंडीपासून बचाव करण्यासाठी पक्षी आपल्याकडे येतात’ हे वाक्य आपण वर्गात सर्रास सांगतो. ते चूक नाही, पण अपुरे आहे. पिसांचे पांघरूण असलेल्या प्राण्याला नुसत्या थंडीचे फारसे भय नसते. जमीन गोठली की चोच खुपसून किडे, अळ्या काढता येत नाहीत, खरी अडचण ती. आपल्या खाड्यांचा चिखल कधी गोठत नाही. त्यात कृमी, बारीक शिंपले आणि खेकड्यांची पिल्ले बारा महिने असतात. टिलवा हजारो किलोमीटर येतो तो या चिखलासाठी.

एकदा हे ध्यानात आले की त्या कार्यक्रमाकडे वेगळ्या नजरेने पाहता येते. झाडाला टांगलेले भांडे साळुंकीच्या, बुलबुलाच्या उपयोगी पडते. टिलवा झाडावर बसतच नाही. तिवरांची लागवड मात्र नुसती निरुपयोगी नव्हे, काही ठिकाणी अपायकारक ठरते. तिवरांचे जंगल मोलाचे आहे, ते तोडू नये याबद्दल दुमत नाही, आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याला दिलेले संरक्षण योग्यच होते. पण जिथे निसर्गतः उघडा चिखल आहे, तिथे रोपे लावणे म्हणजे टिलव्याच्या ताटावर झाकण ठेवणे. उघडा चिखल आपल्याला ‘रिकामी जागा’ वाटतो आणि रिकाम्या जागी झाड लावावे, हे आपण इतक्या वेळा घोकले आहे की जागा खरोखर रिकामी आहे का, हे पाहायचे राहून जाते.

आता मुलीचा प्रश्न. दिवसातून दोनदा भरती येते आणि हे ताट पाण्याखाली जाते. पुढचे काही तास पक्ष्यांना बसायला कोरडी किंवा घोटाभर पाण्याची जागा लागते. ती मोकळी हवी, म्हणजे ससाणा दुरून दिसतो. दाट तिवरांत ती सोय नाही. शिवाय ती जवळ हवी. एप्रिलमध्ये परतीच्या प्रवासाला निघण्यापूर्वी या पक्ष्यांना अंगात चरबी साठवायची असते. रोज दोन वेळा लांब उडत जावे लागले किंवा बसल्या जागेवरून पुन्हा पुन्हा उठावे लागले, तर तीच चरबी खर्ची पडते. म्हणून खाडीचा चिखल जपला आणि भरतीच्या वेळची बैठक गमावली, तर हाती अर्धेच काम उरते.

हे सारे नवी मुंबईत अगदी उघडपणे घडले आहे. ठाणे खाडीतील रोहितांसाठी २०१५ मध्ये अभयारण्य जाहीर झाले आणि २०२२ मध्ये रामसर यादीत त्याचे नाव गेले. पण हे पक्षी भरतीच्या वेळी अभयारण्याबाहेर, नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळ जागांवर येऊन बसतात. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने २०२२ मध्ये सहा रोहितांना उपग्रहाद्वारे माग काढणारी यंत्रे लावली. अभयारण्याची रेषा नकाशावर आहे, पक्ष्यांच्या दिनक्रमात नाही, हे अशा अभ्यासांतून स्पष्ट होते. २०२४ च्या उन्हाळ्यात नेरूळच्या डीपीएस तलावात भरतीचे पाणी येण्याचा मार्ग बंद झाला, तलाव सुकला आणि परिसरात रोहित मरून पडू लागले. त्याच वर्षी २० मे च्या रात्री घाटकोपरवर एका विमानाला थवा धडकून सुमारे ४० रोहित मेले.

इथल्या नागरिकांचे काम मला खरोखर उल्लेखनीय वाटते, आणि त्याचे कारण त्यांच्या मोर्चांत किंवा मानवी साखळ्यांत नाही. त्यांनी एक साधी गोष्ट धरून ठेवली: तलावात पाणी येते की नाही, कोणत्या नळातून येते, तो नळ कोणत्या तारखेपासून बुजला आहे. छायाचित्रे, तारखा, भरतीच्या वेळा. २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने हा तलाव संवर्धन राखीव करण्यास मान्यता दिली, त्यामागे या नोंदींचा मोठा हात आहे. उलट ‘फ्लेमिंगो सिटी’ म्हणून चौकाचौकांत उभे केलेले गुलाबी पुतळे आणि भिंतींवरची चित्रे यांनी एकाही पक्ष्याला बसायला जागा दिली नाही. रोहित देखणा आहे हेही एक संकटच आहे. त्याच्या शेजारी बसलेल्या मातकट तुतारीसाठी कोणी साखळी धरत नाही.

नोंदींचे महत्त्व पटवायला परदेशातले एक उदाहरण देतो. अमेरिकेत शिकागो शहरात, मिशिगन सरोवराच्या काठी, मॅककॉर्मिक प्लेस नावाची काचांची प्रचंड इमारत आहे. तिथल्या फील्ड म्युझियमचे डेव्हिड विलार्ड १९७८ पासून त्या इमारतीवर आदळून मेलेले पक्षी सकाळी उठून गोळा करीत आले. पुढे इतरही मदतीला आले. काही दशकांत सुमारे ४०,००० पक्षी जमले, प्रत्येकाची जात व तारीख लिहिलेली. रात्री किती खिडक्यांत दिवे होते याचीही नोंद होती. दोन्ही आकडे शेजारी ठेवल्यावर २०२१ मध्ये संशोधकांना दाखवता आले की उजळलेल्या खिडक्या कमी तर मृत्यू कमी. तरीही ५ ऑक्टोबर २०२३ च्या एका रात्रीत तिथे जवळजवळ हजार पक्षी मेले. मग २०२४ मध्ये काचांवर ठिपक्यांचा पातळ पापुद्रा चिकटवला गेला आणि त्या हंगामातले मृत्यू सुमारे ९५ टक्क्यांनी घटले. आधीचे आकडे नसते, तर हा उपाय लागू पडला हे कळलेही नसते.

ही हकीकत वाचून पेणमध्ये ‘रात्री दिवे बंद’ मोहीम काढू नये, एवढी विनंती. शिकागोचे दुखणे काच हे होते आणि ते मोजून सिद्ध झाले होते. आपण उचलायचे ते मोजणे, काचेवरचे ठिपके नव्हेत.

पण मोजणेही डोळसपणे करावे लागते. आपल्याकडच्या हौशी पक्षीगणना बहुधा रविवारी सकाळी सातला होतात. याचा परिणाम पाहा. कोकणात जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट करावी, तितक्या वाजता पूर्ण भरती. तृतीयेला सव्वादोन, म्हणजे ओहोटी सव्वाआठ-साडेआठच्या सुमारास. पुढचा रविवार दशमीचा. दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे सकाळी साडेसातला भरती. पहिल्या रविवारी सातला चिखल उघडा पडत आलेला, पक्षी त्यावर पसरलेले. दुसऱ्या रविवारी त्याच वेळी, त्याच जागी पाणी चढलेले. आठवड्याभरात ‘पक्षी निम्म्याने घटले’ अशी बातमी तयार! घटले काहीच नाही, चंद्र पुढे सरकला. खाडीत जसजसे आत जावे तसा भरतीला आणखी उशीर होतो, हेही लक्षात ठेवायचे. ठोकताळा तासाभराने इकडे तिकडे होतो; छापील तक्ता मिळाला तर उत्तम. पण वर्गात हे गणित पंचांगावरून करून घेण्यात वेगळी मजा आहे, आणि कोळीवाड्यातल्या मुलांना ते आपल्याला येते त्याहून चांगले येते, असा माझा अनुभव आहे.

पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते. तेव्हा चिखल पुरता बुडतो, आणि भरती येते अकरा ते बाराच्या दरम्यान, म्हणजे ऐन शाळेच्या वेळात. पक्ष्यांची बैठक शोधायला याहून सोयीचा मुहूर्त नाही.

आणि पेणमध्ये ती शोधायची कुठे? खारबांधांच्या आत. धरमतर खाडीच्या काठी दादर, रावे या बाजूला फिरलेल्यांना हे दृश्य परिचित आहे: खाडीला लागून बाहेरचा बांध, मधून मधून पाणी सोडणारी उघाडी, आत भाताची खाचरे, सखल भागात जिताड्याची तळी, जुनी मिठागरे. ही जमीन समुद्राकडून मिळवलेली आहे आणि ती राखावी लागते. बांधाला खांड गेली की खारे पाणी आत शिरते, भात जातो, काही वर्षांत तिवर माजतात. म्हणून गावाने एकत्र येऊन बांध राखायचा, ही इथली जुनी रीत. पुढे हे काम सरकारच्या खारभूमी खात्याकडे गेले आणि गावाची सवय सुटत गेली. त्यावर एक स्वतंत्र लेख होईल.

पक्ष्यांच्या दृष्टीने हे बांध आणि ही तळी म्हणजे भरतीच्या वेळची बैठक. इथे माझे एक मत आहे, ते काहींना विचित्र वाटेल. शहरांच्या आसपास स्थलांतरित पक्ष्यांसाठी लोकांनी केलेल्या कामांत मी २१ सप्टेंबर २००८ या दिवसाची गणना करतो. त्या दिवशी महामुंबई सेझसाठी जमीन द्यायची का, यावर पेण तालुक्यातल्या २२ गावांत शेतकऱ्यांचे मतदान झाले आणि कौल विरोधात गेला. पुढे ते भूसंपादन बारगळले. त्या आंदोलनात पक्ष्यांचा उल्लेखही नव्हता. प्रश्न भाताचा, हेटवणे धरणाच्या पाण्याचा होता. पण ज्या जमिनीवर पीक उभे राहते तिच्या बांधावर तुतारीही उभी राहते. आता उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतील १२४ गावांत नवे शहर वसवण्याची अधिसूचना २०२४ मध्ये निघाली आहे. २०२५ मध्ये नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला. बैठका बुजल्या तर पक्षी नाहीसे होण्यापूर्वी दुसरी मोकळी, सपाट जागा शोधतील, आणि धावपट्टीइतकी मोकळी, सपाट जागा दुसरी नाही.

रोह्याची गोष्ट निराळी. कुंडलिकेला उन्हाळ्यातही पाणी असते, कारण भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सुटणारे पाणी तिच्यात येते. पुढे डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून कालवे निघतात आणि रोह्याकडे उन्हाळी भात पिकते. कोकणातल्या बहुतेक नद्या डिसेंबरनंतर आटतात. ही वाहती राहते. म्हणून इथे दगडगोट्यांच्या काठावर धोबी आणि हिरवी तुतारी एकेकटी दिसतात, थव्याने नव्हे. इथे भरतीचे गणित गावाच्या खालच्या अंगाला लागू पडते. वरच्या अंगाला पाणी केव्हा सुटते हे पाहावे लागते. लहान शहरांतून हल्ली नदीकाठ सुशोभनाची जी लाट आली आहे, तिच्यात गोट्यांचा काठ जाऊन काँक्रीटचा उतार येतो. धोबी एक वेळ त्यावर चालेल, पण तिथे किडे नाहीत. रोह्याच्या शिक्षकांनी काठाचा एक किलोमीटर ठरवून ऑक्टोबर ते मार्च दर पंधरवड्याला मोजला, तर त्याचे मोल मोठे आहे.

पेणच्या त्या शाळेच्या शिक्षकांचे फेब्रुवारीत पत्र आले. अमावास्येला दुपारी अकरा वाजता, पोपटीचे मडके बरोबर घेऊन, ते वीस मुलांना बांधावर घेऊन गेले होते. पक्षी सापडले: बाहेरच्या बांधापासून थोडे आत, एका जिताड्याच्या तळ्याच्या कडेला, एकमेकांना खेटून, सगळ्यांची तोंडे वाऱ्याकडे. तळ्याचे मालक भेटले. ते म्हणाले, “माझ्या आजाच्या वेळपासून बसतात ते इथं. पण पोरं जमीन विकायची म्हणतायत.” शिक्षकांची तक्रार वेगळीच होती. वीस मुलांनी वीस आकडे सांगितले, सर्वांत लहान १४० आणि सर्वांत मोठा ६००. मी त्यांना कळवले की आधी दहा पक्षी नीट मोजायचे, तेवढा गट डोळ्यांत बसवायचा आणि मग थव्यात असे किती गट मावतात ते पाहायचे. दोघांनी एकमेकांना न सांगता लिहायचे. आणि तळ्याच्या मालकांचा आकडाही विचारून घ्यायचा. पुढची फेरी पौर्णिमेला आहे.