नॅरेशन

बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला जर्नल एन्ट्री शिकवणारे आमचे सर एकच गोष्ट घसा फोडून सांगत. नावे-जमा बरोबर असो, आकडे जुळोत, खाली नॅरेशन नसेल तर अर्धा मार्क कापीन! नॅरेशन म्हणजे झालेल्या व्यवहाराची एका ओळीतली हकिकत. पुढे बँकेत वीसेक वर्षं खर्डेघाशी केल्यावर कळलं, की खोटं बोलायला आकड्यांना थोडे तरी कष्ट पडतात. नॅरेशनला मुळीच पडत नाहीत.

हे सगळं आठवायचं कारण जुन्या न्यूजरील्स. जेवण झालं की मी फोन घेऊन कॉटवर आडवा होतो आणि विसाव्या शतकातल्या बातम्या बघतो. ब्रिटिश पाथे नावाच्या कंपनीने २०१४ साली आपली ८५ हजार चित्रफितींची कोठी यूट्यूबवर खुली केली, तीही फुकट. फुकट म्हटल्यावर कारकून थांबतो का? सुरुवातीला तो कोंबडा आरवतो (पाथेची निशाणीच कोंबडा), की आतून आवाज येतो, "अहो, मेलेली माणसं अजून किती वेळ बघणार आहात?"

न्यूजरील मला नवी नाही. लहानपणी आमच्या तालुक्याच्या थिएटरात मुख्य चित्रपटाआधी फिल्म्स डिव्हिजनची असायचीच. १९४८ साली सरकारने हे खातं काढलं आणि त्याची रिळं दाखवणं थिएटरांना सक्तीचं होतं. वर त्याचं भाडंही थिएटरवाल्यानेच भरायचं. बघणाऱ्याला नको, दाखवणाऱ्याला नको, तरी वर्षानुवर्षं चालली, अशी योजना बँकेबाहेर मी ती एकच पाहिली. पडद्यावर पूर यायचा, मंत्री यायचे, पूर ओसरायचा. तेवढ्यात आम्ही शेंगदाणे घेऊन यायचो.

पण तेव्हा जे ध्यानात आलं नाही ते आता आलं. न्यूजरीलचा सगळा जीव तिच्या आवाजात असतो. आवाज इंग्रज असो की आपला सरकारी, तो कधी गोंधळत नाही. जहाज पाण्यात सोडलं तरी तोच उत्साह, राणी हसली तरी तोच, शहर बेचिराख झालं तरी खालची पट्टी लावून पुन्हा तोच. आमच्या हेडक्लार्कला मी एकाच सुरात लग्नाचं आमंत्रण आणि मेमो वाचून दाखवताना ऐकलंय, तसं.

कधीकधी हा आवाज शोभतोही, नाही असं नाही. ६ मे १९५४ला ऑक्सफर्डच्या इफ्ली रोडवर रॉजर बॅनिस्टर एक मैल ३ मिनिटं ५९.४ सेकंदांत धावला. आधी ब्रॅशर, मग चॅटवे पुढे पळून त्याला वेग धरून देतात, शेवटी हा गडी एकटा सुटतो आणि फितीपाशी डोळे मिटून लोकांच्या अंगावर कोसळतो. तिथे निवेदकाने कितीही आरडाओरडा केला तरी माफ. जे दिसतं तेच तो सांगतोय. व्हाउचर आणि नॅरेशन जुळलं, पुढचं पान.

बिकिनीच्या पानावर मात्र मी अडकलो.

बिकिनी हे पॅसिफिक महासागरातलं कंकणाकृती बेट. १९४६ साली अमेरिकेच्या आरमाराने अणुबाँबची चाचणी घ्यायला ते निवडलं. २५ जुलैचा पाण्याखालचा स्फोट तुम्हीही कुठे ना कुठे पाहिला असेल: समुद्राचाच एक खांब उभा राहतो आणि त्याच्या पायथ्याशी युद्धनौका काड्यापेट्यांसारख्या दिसतात. बघताना 'वा!' म्हटलं जातं. कॅमेरे शेकड्यांनी लावले होते, एकही कोन सुटलेला नाही. पुढे त्या जहाजांवर असा किरणोत्सर्ग बसला की खलाशी डेक घासघासून दमले, तरी तो निघेना. शेवटी ठरलेली तिसरी चाचणीच रद्द करावी लागली.

पण मी अडकलो तो स्फोटाच्या आधीच्या तुकड्यावर. बेटावर १६७ माणसं राहत होती. कमोडोर वायट नावाचे अधिकारी माडांखाली बसून त्यांच्या मुखियाला, जूदाला, दुभाष्यामार्फत विचारतात, मानवजातीच्या भल्यासाठी आणि युद्धं संपवण्यासाठी बेट द्याल ना? जूदा सांगतो, सगळं देवाच्या हाती आहे, आम्ही जातो. निवेदकाची छाती भरून येते.

आता व्हाउचर बघा. विचारणं-सांगणं फेब्रुवारीतच उरकलं होतं. हे चित्रण मार्चमधलं, कॅमेऱ्यासाठी पुन्हा घडवलेलं. तेही एकदा नाही. आठेक वेळा तरी घेतलं. न वापरलेले तुकडेही आता पाहायला मिळतात. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तीच संमती.

हसू नका, मी हे प्रत्यक्ष केलंय. आमच्या शाखेत ग्राहक मेळाव्यात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला कर्जाचा चेक दिला. साहेबांचे डोळे मिटले म्हणून फोटो बिघडला. चेक परत घेतला, पुन्हा दिला. मग मागचा बॅनर सुटला. तिसऱ्यांदा चेक पुढे केला तेव्हा बाबांनी हातच पुढे केला नाही. म्हणाले, "आता द्यायचा आसंल तरच द्या." बॅनरची दोरी धरून मीच उभा होतो.

जूदाला तशी सोय नव्हती. त्याची माणसं रोंगेरिक बेटावर नेली, तिथे त्यांची उपासमार झाली. १९५८पर्यंत बिकिनीवर एकंदर २३ स्फोट झाले. सत्तरच्या दशकात काही कुटुंबं परतली, पण जमीन विषारी निघाली, म्हणून १९७८मध्ये त्यांना पुन्हा हलवलं. नॅरेशन तेवढं अजून १९४६चंच आहे, ठणठणीत.

तेव्हापासून मी न्यूजरील आवाज बंद करून बघतो. निवेदक गप्प झाला की कडेची माणसं दिसायला लागतात: मागे बसलेल्या बायका, कॅमेऱ्याकडे बघू नकोस म्हटलं तरी बघणारं पोर. परवा असाच जूदा चालू होता. ही भांडी आवरून आली आणि पदराला हात पुसत बघत राहिली.

"काय म्हणतोय हो तो?"

"हो म्हणतोय."

"मग परत परत का विचारतायत?"

"चित्र नीट आलं नसेल."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आणि आठांतल्या एखाद्या वेळी तो नाही म्हणाला असता तर?"

मी उठून फोन चार्जिंगला लावला.